उंबऱ्यावरची माणसे

दसरा झाला की आमच्या गावात मुकादमाच्या गाड्या येतात. उचल घेतलेले कोयते संसार बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. बीड जिल्ह्याला हे नवीन नाही. मागे राहतात ती म्हातारी आणि अपंग माणसे. पाच-सहा महिने गाव त्यांनीच राखायचे.

माझे आईवडीलही जातात. मी आजीजवळ राहिले म्हणून माझी शाळा सुटली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आज मी येथे वर्गात बसते आणि नजर अधू झालेली आजी उंबऱ्यावर बसते. समोर दोन्ही पायांनी अधू असलेले काका बसतात. ते तिला गोळ्यांची पाकिटे वाचून देतात, ती त्यांचे पाणी भरते. सांख्यांचा अंध-पंगू न्याय आमच्या गल्लीत असा रोज चालतो.

कागदावर मात्र ही माणसे वेगवेगळी! आजीसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, काकांसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. पहिल्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांसाठी किमान एक वृद्धाश्रम सांगितला आहे. निराधारांना तो हवाच. पण आजीला घर आहे, गल्ली आहे. नाही ती दिवसाची सोबत.

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. तेथे कुष्ठमुक्त, अंध, कर्णबधिर आणि वृद्ध एकाच वसाहतीत राहिले, जमेल ते काम करून ताठ मानेने जगले. पण समाजाने बाहेर काढले म्हणून अनेकांना तेथे जावे लागले. आपण गावातच जागा केली तर?

अनेक गावांतील समाजमंदिर लग्न आणि सप्ताह सोडला तर कुलूपबंदच असते. ऊसतोडीच्या हंगामात ते दिवसभर उघडे ठेवावे. पायऱ्यांशेजारी उतार करावा. एक चूल, एक रांजण, आठवड्यातून एकदा आरोग्यसेविकेची फेरी. चुलीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न ग्रामसभेत मांडावा लागेल. पण तो मांडणार कोण?

मित्रहो, आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सात दिवसांचे असते. यंदा दत्तक गावात केवळ रस्ते झाडू नयेत. घरोघर जाऊन मागे राहिलेल्यांची यादी करावी, उतार बांधावा आणि यादी ग्रामसभेत वाचावी. प्राध्यापकांनी आमच्याबरोबर यावे.

आजीने मला शिकवले. आता तिच्याशी दिवसा कोणीतरी बोलावे, एवढेच मागणे आहे.