खारपाणपट्ट्यात बोअर कशाला?


संग्रामपूर तालुक्यात गावोगाव खोल बोअर घ्यावेत, ही आपल्या वाचकाची सूचना सद्‌हेतूची असेल; पण पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात ती अंगाशी येईल. इथे भूगर्भातले पाणीच खारट. डाळ शिजता शिजत नाही, आणि उकळून मीठ काही जात नाही. मूत्रपिंडाच्या आजारांनी हा भाग किती पोळला आहे, हे पत्रलेखकांना ठाऊक असावे. म्हणूनच तर वान धरणावरून 140 गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली! बोअरचा पैसा गावातली गळती थांबवायला, टोकाच्या वस्तीपर्यंत नळ न्यायला घाला. उरलाच, तर शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यात साठवा.

– एक वाचक, संग्रामपूर