‘पोचेल’ की ‘निघेल’?

हलव्याचे दागिने करणाऱ्या बाईला डिसेंबर-जानेवारीत कुणी ‘कशी आहेस’ असं विचारू नये. पहाटे चारला उठायचं, शेगडी पेटवायची, परातीत तीळ घ्यायचे आणि पाकाचा एकेक चमचा सोडत बोटांनी हलवत बसायचं. थंडी चांगली असली की हलव्याला काटा सुरेख येतो, म्हणून पहाट गाठायची. बोटांची टोकं इतकी हुळहुळी होतात की कणीक मळवत नाही. मग ते दाणे ओवायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मुलाच्या संचात बासरी. नव्या सुनेचं मंगळसूत्र तर डोळे फुटेस्तोवर चालतं.

वाईत आमच्या गल्लीपुरतं मी हे बरीच वर्षं करत होते. २०१९ मध्ये भाचीने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि पुण्या-मुंबईहून, पुढे थेट बंगळुरूहून मागण्या यायला लागल्या. पैसे आधी फोनवर जमा होतात, मग मी खोकं बांधते. फोन वाजला की सासूबाई म्हणतात, “बघ गं, कुणाची संक्रांत आली!” तेव्हा मी हसायचे. २०२५ साली ती माझ्यावरच आली.

बंगळुरूच्या एका मुलीला लेकाच्या बोरन्हाणासाठी संच हवा होता. बाळ दहा महिन्यांचं. संचाचे १२५० आणि पाठवणावळ १५०, असे १४०० रुपये तिने लगेच पाठवले. मी ६ जानेवारीला सोमवारी खोकं रवाना केलं. कोणत्या सेवेने ते लिहीत नाही, कारण हे कुणाकडूनही झालं असतं. तिचा कार्यक्रम संक्रांतीच्याच दिवशी, म्हणजे १४ तारखेला संध्याकाळी होता. सासूबाई नागपूरहून यायच्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं तिकीट होतं.

खोकं कुठल्याशा गोदामात अडकलं. फोनवर रोज तेच वाक्य दिसायचं. १२ तारखेला तिचा मेसेज, १३ ला दोन फोन. १४ ला सकाळी तिने विचारलं, “काकू, आज येईल ना?” काय सांगणार? त्या संध्याकाळी बाळाला पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घालून बोरन्हाण झालं. खोकं पोचलं १७ ला. न फुटता, न विरघळता, अगदी जसंच्या तसं. त्याचाच मला जास्त राग आला.

तिचा मेसेज आला, “काकू, मला पूर्ण पैसे परत हवेत.”

माझं पहिलं उत्तर काय असेल ते तुम्हाला सांगायला नकोच. मी सहा दिवसांत सहा संच केले, वेळेत पाठवले, पावती माझ्याकडे आहे. उशीर माझ्यामुळे झालेला नाही. शिवाय बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करतात आणि त्या वर्षी रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. म्हणजे वस्तू वाया गेलेली नाही. हे सगळं मी लांबलचक लिहून पाठवलं. ‘सगळा दोष माझ्यावर का’ असंही शेवटी लिहिलं.

तिने एक शब्दही उलट लिहिला नाही. फक्त माझाच एक जुना मेसेज फोटो काढून पाठवला. त्यात मी लिहिलं होतं, “अगं काळजी करू नकोस, दहापर्यंत नक्की तुझ्या हातात पडेल.” पुढे हसरा चेहरा.

ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. कारण हे मी लिहिलंच होतं. कुणी विचारलं नसताना, तिला बरं वाटावं म्हणून.

आमचे हे म्हणाले, “एक पैसा देऊ नकोस. उद्या सगळेच मागतील.” सासूबाईंचं मत, निम्मे द्यावेत. साताऱ्याला माझी मामेबहीण वकिली करते, तिला फोन केला. ती म्हणाली, “ताई, आधी मला हे सांग, तू तारीख दिली होतीस का?” मग तिने जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते.

ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, आणि त्याखाली ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले. ऑनलाइन बाजारपेठेत माल विकणाऱ्यांना त्यात स्पष्ट सांगितलंय, की वस्तू सदोष असेल, दाखवली तशी नसेल किंवा सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा उशिरा पोचली असेल, तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत सुटका एकच, अस्मानी-सुलतानी संकट आलं असेल तर. माझं दुकान व्हॉट्सअ‍ॅपवरचं, मोठ्या अ‍ॅपवरचं नाही, पण न्याय तोच. आणि त्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द आहे ‘सांगितलेल्या’. वेळापत्रक कुणी सांगितलं? मी. गोदामात खोकी साठणं हे काही अस्मानी संकट नव्हे, संक्रांतीच्या आठवड्यात ते होणारच.

बरं, मग मी ते पैसे वाहतूकवाल्यांकडून वसूल करावेत, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. सरकारी टपालाचं आधी सांगते, कारण त्याचे नियम छापलेले आहेत. १८९८ च्या कायद्यात टपाल हरवणं, उशिरा पोचणं यांची जबाबदारी सरकारने स्वतःवर जवळजवळ घेतलेलीच नव्हती. स्पीड पोस्टपुरती १९९९ साली सोय झाली. उशीर झाला तर भरलेलं शुल्क तेवढं परत. हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. १८ जून २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, तरी पाया तोच राहिला, नियमांत जेवढी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी. आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आपल्या घरगुती व्यवसायांना टपालाचा हाच मुख्य रस्ता उरला.

खासगी कुरिअरच्या पावतीची मागची बाजू कधी वाचली आहे? मी तरी चष्मा लावूनही नव्हती वाचली. मामेबहिणीने एक निकाल सांगितला, सर्वोच्च न्यायालयाचा, १९९६ चा. एका निटिंग कंपनीने जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला मालाची कागदपत्रं कुरिअरने पाठवली. ती पोचलीच नाहीत आणि कपड्यांचा उन्हाळी हंगाम निघून गेला. कंपनीला राज्य आयोगाने सव्वाचार लाखांवर भरपाई दिली होती. शेवटी हातात काय पडलं? शंभर डॉलर. का, तर पावतीवर तशी अट होती आणि खाली सही होती. माझी काटेरी हलव्याची बासरी काय आणि त्यांचा उन्हाळी माल काय, हंगाम गेल्यावर किंमत दोघांची सारखीच.

म्हणजे हिशेब असा, की ग्राहक माझ्याकडे १४०० मागणार आणि वाहतूकवाला मला फार तर १५० देणार. मधले १२५० ज्या बाईने पहाटे चारला शेगडी पेटवली तिचे. हे मला पटत नाही, आजही नाही. ज्याच्या हातात खोकं होतं त्याच्यावर उशिराचं ओझं सगळ्यात कमी, हा कुठला न्याय? छोट्या विक्रेत्यांसाठी उशिराची भरपाई वस्तूच्या किमतीशी थोडी तरी जोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. विम्याचं नाव काढू नका. तो काढतात हरवण्या-फुटण्यासाठी. माझं खोकं तर धडधाकट पोचलं होतं.

पण तो राग बंगळुरूच्या मुलीवर काढणंही बरोबर नव्हतं. तिचा आणि वाहतूकवाल्याचा काही संबंध नाही. तिने माझ्याशी व्यवहार केला, माझ्या शब्दावर सासूबाईंचं तिकीट काढलं. मी पूर्ण १४०० परत पाठवले. दागिने मागवले नाहीत, मागवायला आणखी दीडशे गेले असते. ‘ठेव तुझ्याकडे, रथसप्तमीला घाल बाळाला’, असं लिहिलं. तिने ‘थँक्यू काकू’ एवढंच लिहिलं. २ फेब्रुवारीला, रविवारी, तिच्या स्टेटसवर बाळ दिसलं. डोक्यावर माझा मुकुट, हातात माझी बासरी, आणि बासरीचं एक टोक तोंडात! ह्यांनी तो फोटो पाहिला आणि “पैसेही गेले, दागिनेही गेले” हे वाक्य घरात दर संक्रांतीला म्हटलं जातं. मला मात्र तिने फसवलं असं वाटत नाही. ठेव, असं मीच म्हटलं होतं.

सगळेच असे सरळ असतात असंही नाही हं. माझी एक मैत्रीण गोधड्या शिवते. तिच्या एका गिऱ्हाईक बाईंनी ‘बारसं होऊन गेलं, उशिरा आली’ म्हणून पैसे परत घेतले, गोधडी ठेवून घेतली आणि महिन्याभराने अगदी तशीच दुसरी मागवली. वर म्हणतात, “या वेळी तरी वेळेत पाठवा.” मैत्रिणीने दुसरी गोधडी दिली, पण आधी पहिलीचे पैसे मागितले. मिळाले! माणसं वाईट नसतात, मोठ्या अ‍ॅपवर एक बटण दाबलं की पैसे परत येतात याची सवय झालेली असते. बटणापलीकडे एक बाई बसली आहे हे लक्षातच येत नाही. आपणही ग्राहक असतो तेव्हा आपल्या तरी कुठे येतं?

मला खटकतं ते आपलं बोलणं. आपल्याला ‘हो’ म्हणायची फार घाई असते. पाहुणे येणार, होईल. चार किलो चकली, होईल. दोन दिवसांत पोचेल ना? हो हो, पोचेल. समोरच्याला नाराज करायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. घरात त्या ‘हो’ची किंमत आपली झोप देते. धंद्यात ती पैशांत मोजावी लागते. शिवाय पुरुष दुकानदार कसे बोलतात ते ऐका. “माल सोमवारी सुटेल.” कधी मिळेल ते तो सांगतच नाही. आपण त्याला तुसडा म्हणतो. तुसडा कसला, त्याच्या हातात जेवढं आहे तेवढंच तो बोलतो.

तेव्हापासून मी ‘पोचेल’ हा शब्दच टाकला. ‘२८ ला निघेल’ असं सांगते आणि २८ ला पावतीचा फोटो पाठवते. मागणी घेतानाच विचारते, कार्यक्रम कोणत्या तारखेला? दूरच्या गावांची मागणी डिसेंबर संपला की बंद, मग कितीही ‘प्लीज काकू’ येवोत. पैसे घेण्याआधीच लिहून टाकते, की मी उशिरा पाठवलं तर सगळे पैसे परत. मी वेळेत पाठवून वाटेत उशीर झाला आणि कार्यक्रम हुकला, तर निम्मे परत. निम्मे का, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, उशीर ना तुझ्यामुळे ना माझ्यामुळे, मग दोघींनी वाटून घेऊ. तिला पटलं. या बोलण्यापायी दोन-तीन मागण्या गेल्याही. गेल्या तर गेल्या, पण जानेवारीत माझं काळीज आता थाऱ्यावर असतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. ‘आधी पैसे नको, वस्तू हातात आल्यावर देते’ म्हणणाऱ्या बायका वाढल्यात. आपल्याकडे १८७७ पासून व्ही.पी.ची सोय होती, आमच्या आजीने दिवाळी अंक तसेच मागवले. पण अंक परत आला तर पुढच्या वाचकाला जातो. हलव्याचे दागिने कुणी दारातून परत पाठवले, तर संक्रांतीनंतर ते माझ्याच घरात मुंग्या खातात, आणि जाण्या-येण्याचं भाडंही माझ्याच अंगावर. मी अजून तरी नाहीच म्हणते. तुमच्यापैकी जी कुणी लोणची-पापड, फराळ, बाळंतविडे असं हंगामी काही बाहेरगावी पाठवते आणि असे पैसे घेते, तिने परत आलेल्या खोक्याचं काय करते ते मला जरूर कळवावं. निदान थोडी रक्कम आधी घेता का, आणि किती, तेही लिहा.