नारळाच्या उत्तम रोपांची टंचाई आणि प्रयोगशाळेची मर्यादा

केरळमध्ये २०२५ साली खोबरेल तेलाच्या दराने लिटरमागे ४०० रुपयांचा टप्पा ओलांडला आणि नारळाच्या घटत्या उत्पादनाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जुने झालेले माड, पांढरी माशी आणि झाडाला हळूहळू खंगवणारा ‘रूट विल्ट’ रोग ही त्यामागील परिचित कारणे. मात्र नव्या लागवडीपुढील मूलभूत अडचण वेगळी आहे. उत्तम माडाची तंतोतंत तशीच रोपे मोठ्या संख्येने तयार करण्याची व्यवहार्य पद्धत अद्याप उपलब्ध नाही.

आंब्याचे कलम बांधता येते. केळीला मुनवे फुटतात. माडाला मात्र एकच शेंडा असतो आणि त्याची अभिवृद्धी केवळ नारळापासून होते. त्यातही उंच जातींमध्ये एकाच पोयीतील नर फुले बहुधा मादी फुले पक्व होण्यापूर्वीच गळून जातात. त्यामुळे पराग दुसऱ्या झाडावरून येतो आणि एकाच माडाच्या रोपांमध्येही मोठी तफावत आढळते.

उंच आणि ठेंगू जातींचा संकर हा यावरील पहिला उपाय ठरला. १९३० च्या दशकात नीलेश्वर येथे असे संकर घडवून भारताने या क्षेत्रात पुढाकार घेतला. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने पुढे अनेक संकरित वाण दिले. रूट विल्टग्रस्त भागासाठीचा ‘कल्प संकर’ हा त्यांपैकी एक. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील संशोधन केंद्रातही या पिकावर काम चालते. परंतु संकरासाठी माडावर चढून नर फुले काढावी लागतात आणि मादी फुलांपर्यंत निवडक पराग पोहोचवावा लागतो. एवढे करूनही एका पोयीतून मोजकेच नारळ हाती येतात.

संकरित रोपे एकसारखी यावीत, यासाठी मातृ-पितृवाण शुद्ध असणे आवश्यक असते. उंच माडाला फुलोरा येण्यास सहा ते सात वर्षे लागतात. स्वपरागणाच्या सहा पिढ्या घ्यायच्या, तर सुमारे ४० वर्षे खर्ची पडतील. हा काळ वाचवण्याचा मार्ग परागकोशात आहे. पोय उमलण्यापूर्वी, पराग अपक्व असतानाच परागकोश काढून त्यांना उष्णता व योग्य पोषक माध्यम दिल्यास काही पेशी परागकण होण्याऐवजी भ्रूणाकडे वळतात. त्यांत गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट झाला की एकाच पिढीत शुद्ध वाण मिळतो. श्रीलंकेच्या नारळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अशी रोपे मिळवल्याचे २००८ साली प्रसिद्ध केले. मात्र यशाचे प्रमाण अल्प असून ते झाडागणिक बदलते.

ऊतिसंवर्धनापुढेही असाच पेच आहे. जळगावच्या केळी बागायतदारांना ऊतिसंवर्धित रोपे परिचित आहेत. नारळात ती मजल गाठलेली नाही. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली कोवळ्या कोंबाला बगलफुटवे आणून रोपे वाढवण्याची पद्धत मांडली. या पद्धतीचा प्रारंभ नारळातील भ्रूणापासून होतो. म्हणजेच प्रतिकृती तयार होते ती वर्षानुवर्षे पारखलेल्या मातृवृक्षाची नव्हे, तर गुण अद्याप सिद्ध न झालेल्या त्याच्या संततीची. प्रौढ माडाच्या कोवळ्या फुलोऱ्यापासून रोपे मिळवण्याचे प्रयत्न त्यामुळेच अधिक महत्त्वाचे ठरतात.

पराग द्रवरूप नायट्रोजनमध्ये दीर्घकाळ साठवण्याच्या तंत्राचा लाभ तुलनेने लवकर मिळू शकतो. जड आणि लवकर अंकुरणारा नारळ बियाणे म्हणून साठवून ठेवता येत नाही. पराग मात्र दूरच्या झाडापर्यंत नेता येतो आणि दोन झाडे वेगवेगळ्या वेळी फुलली तरी त्यांचा संकर घडवता येतो.

तात्पर्य, येत्या दशकातील लागवडीची गरज प्रयोगशाळेतून भागणार नाही. त्यासाठी बीजोत्पादन बागांचा विस्तार, पारखलेले मातृवृक्ष आणि माडावर चढणारे प्रशिक्षित मनुष्यबळ यांवरच विसंबावे लागेल. प्रयोगशाळेला निधी हवा, तो माडाच्या आयुष्याच्या हिशेबाने, दीर्घ मुदतीचा. रोपाची चूक शेतकऱ्याला सहा-सात वर्षांनी, पहिल्या पोयीच्या वेळी कळते आणि तोवर त्याच्या बागेतील ती जागा अडकून पडलेली असते. म्हणूनच, शेतातील चाचणी पूर्ण होण्यापूर्वी ऊतिसंवर्धित म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांबाबत सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.