बुटक्या गाडीची तिरकी चाके

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर किंवा मुंबईत मरीन ड्राइव्हला सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. एखादी तरी अशी गाडी हमखास दिसते. जमिनीला जवळजवळ टेकलेली, चाके मडगार्डच्या पोटात दडलेली आणि मागच्या काचेवर कसलेसे स्टिकर. आमच्या वयाच्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, ‘स्प्रिंगा कापून ठेवल्यात मेल्यांनी’ असे कोणीतरी म्हणते आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र तो तिथे संपू द्यायचा नाही. नोकरीची बरीच वर्षे मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत काढली. मुलांनी यंत्रात हात घालावा, उघडून पाहावे, याचे मला कौतुकच आहे. गाडी खाली घेण्यामागे नुसती मिरवण्याची हौस असते असेही नाही. गुरुत्वमध्य जितका खाली तितकी गाडी वळणावर स्थिर, हे शाळेतले शास्त्र आहे आणि शर्यतीच्या गाड्या बुटक्या असतात त्या काही उगाच नाहीत.

माझे भांडण आहे ते त्यानंतर ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी. ‘एकदा अलाइनमेंट मारून घे, म्हणजे झालं.’

तेवढ्याने होत नाही. का होत नाही, हे घरातल्या सर्वांना कळायला हवे, कारण त्या गाडीच्या मागच्या सीटवर घरातलीच माणसे बसतात.

आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांतून ती गाजली आणि १९८३ साली मारुती ८०० आपल्या रस्त्यांवर आली तीही पुढे हीच रचना घेऊन. यात स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब होतो आणि खालून चाकाला धरून ठेवतो तो लोअर आर्म. हा आर्म म्हणजे एका टोकाला बिजागरी असलेली फळी समजा. मूळ उंचीवर ती बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असते. गाडी खाली घेतली की फळी आडवी होऊ लागते आणि तिचे बाहेरचे टोक आणखी बाहेर सरकते. चाकाचा पाय बाहेर गेला, डोके होते तिथेच राहिले. म्हणजे चाक आत कलले. याला कॅम्बर बदलला म्हणतात.

इथपर्यंत निदान डोळ्यांना दिसते. खरा चोर दुसराच आहे. स्टेअरिंगच्या रॅकपासून चाकाला वळवणारा टाय रॉड असतो. त्याचीही बिजागरी आहे, पण त्याची लांबी वेगळी, जागा वेगळी. लोअर आर्म एका वर्तुळावर फिरतो, टाय रॉड दुसऱ्या. उंची बदलली की दोघांचा मेळ सुटतो आणि स्टेअरिंगला हातही न लावता दोन्ही चाके थोडी आत किंवा थोडी बाहेर वळतात. हा टो. आत की बाहेर, ते रॅक चाकांच्या पुढे बसवला आहे की मागे, यावर ठरते. म्हणून एका मित्राच्या गाडीचा अनुभव दुसऱ्याच्या गाडीला लावता येत नाही.

हे ‘थोडे’ म्हणजे किती? चाक पाव अंशाने तिरके आहे असे धरा. नुसत्या डोळ्यांना हे कळणारसुद्धा नाही. तरी गाडी एक किलोमीटर सरळ गेली की तो टायर साडेचार मीटरच्या आसपास आडवा घासला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. एका खेपेत चारशे मीटरहून अधिक आडवी घसट झाली, आणि चाक आधीच आत कललेले असल्याने ती बरीचशी टायरच्या आतल्या काठावर. हा काठ गाडीभोवती फेरी मारणाऱ्याला दिसत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने जुनी हॅचबॅक घेऊन ती हौसेने खाली करवली. काही महिन्यांनी तो कोकणात जायला निघाला होता, आई आणि आजीला घेऊन. मी म्हटले, ‘टायर बघितलेस का रे?’ ‘काका, नवेच आहेत. अलाइनमेंटही केलंय, हा बघा कागद.’ टायर बाहेरून खरोखरच कोरे होते. स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावून मी आतल्या बाजूने हात फिरवला, तर बोटांना तारा लागल्या. मुलगा गप्प झाला. आजी मात्र पिशवी घेऊन खाली येऊन उभी होती, तिला कसलीच कल्पना नव्हती.

कागद खोटा नव्हता. त्यावरचा पुढच्या टोचा आकडा हिरवा होता. पण कॅम्बर तांबडा होता आणि त्याबद्दल गॅरेजमधल्या मिस्त्रीने सांगितले होते, ‘ह्या गाडीत कॅम्बरला अॅडजस्टमेंटच येत नाही.’ मिस्त्रीचेही खरेच होते. अशा बहुतेक गाड्यांत कंपनीने टाय रॉडवर फक्त टो जुळवण्याची सोय ठेवलेली असते. कारण उघड आहे. गाडी त्याच उंचीवर राहणार, हे गृहीत धरूनच सगळी मापे बेतलेली असतात. मग घोटाळा कुठे झाला? तारखांत. स्प्रिंगा बसवल्या त्याच संध्याकाळी अलाइनमेंट झाले होते. नव्या स्प्रिंगा काही दिवस बसत जातात, गाडी आणखी थोडी उतरते, आणि उंची बदलली की टो बदलतो. संध्याकाळी हिरवा असलेला आकडा पुढच्या पंधरवड्यात हिरवा राहिला नसणार. तो परत मोजायला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा गाडी खाली घ्यायचीच असेल, तर काम कसे व्हावे? पहिली गोष्ट, मूळ स्प्रिंग कापू नये. कापलेली स्प्रिंग आखूड होते, पण चाक खड्ड्यात लोंबकळले की आपल्या बैठकीतून सुटू शकते. त्या गाडीसाठी घडवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअॅब्सॉर्बरच घ्यावेत. दुसरी गोष्ट मोठमोठ्या गॅरेजांतही विसरली जाते. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत लटकवलेली असताना आवळायचे नाहीत, चाकांवर भार आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मग काही शे किलोमीटर गाडी चालवावी, हवा योग्य भरावी आणि नंतरच यंत्रावर चढवावी. चारही चाके मोजायची. मागचा अॅक्सल तिरका असेल तर पुढचे कितीही जुळवले तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे धरावे लागते. आधी कॅम्बर, मग टो, हा क्रम उलटा चालत नाही, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. कॅम्बर जुळवण्यासाठी वेगळे बोल्ट किंवा वरच्या सरकत्या प्लेटी मिळतात. त्यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. ज्याला तो परवडत नाही त्याला गाडी खाली घेणेही परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गंमत सांगतो. एवढे करूनही गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकू शकते. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू या रचनेत गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो आणि दोघांतले अंतर वाढते. आखूड स्प्रिंगा कडकही असाव्या लागतात त्या म्हणूनच. ज्या स्थैर्यासाठी हा खटाटोप, तेच अर्धवट कामाने हातचे जाते.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत कडक आहे आणि आंधळाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. गाडी खाली घेण्यापूर्वी हे घरात बोलले गेलेच पाहिजे. अपघातानंतर विमा कंपनीने याच मुद्द्यावर बोट ठेवले तर भांडायला आधार राहत नाही. पण रस्त्यावर प्रत्यक्ष तपासले काय जाते? पीयूसी धूर बघते. खासगी गाडीची योग्यता तपासायची वेळ नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी येते. मधल्या काळात चाकांचे कोन कोणी मोजत नाही, आणि जिची उंची मूळचीच आहे पण खड्ड्यांनी चाके वाकडी केली आहेत, ती गाडीही तशीच धावत राहते. बंदी लिहून ठेवण्यापेक्षा दर दोन वर्षांनी चारही चाकांच्या मापांचा कागद मागितला, तर हौशी पोरे आणि बेफिकीर बाप दोघेही हाती लागतील.

आणि शेवटी आपले रस्ते. गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा असे इंडियन रोड्स काँग्रेसचे प्रमाण आहे. गल्लीबोळातले गतिरोधक ते पाळतात असे कोणी म्हणणार नाही. २००५ साली आलेल्या स्विफ्टचे पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर होते. ती ४० मिलिमीटर खाली घेतली तर प्रमाणातल्या गतिरोधकावरही हाती तीन सेंटिमीटर उरतात, तेही रिकाम्या गाडीचे. आई-वडील, आजी आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या बसल्या की ते तीनही जातात. कोन यंत्रावर मोजले जातात ते बहुधा रिकाम्या गाडीचे, प्रवास होतो भरलेल्या गाडीचा. भार पडला की गाडी आणखी उतरते आणि टो पुन्हा सरकतो. म्हणून मोजताना सीटांवर नेहमीच्या माणसांइतके वजन ठेवायला मिस्त्रीला सांगावे. सिमेंटच्या दोन-तीन गोण्या पुरतात. मिस्त्री हसेल, पण ठेवू देईल.