पिशवीतलं इंजिन

आरएक्स १०० चा विषय निघाला की ऑफिसातला एक तरी इसम कीबोर्डवरचे हात उचलतो आणि तोंडाने तिचा आवाज काढून दाखवतो. गाडी बंद झाली १९९६ साली. तेव्हा हा बहुधा बालवाडीत होता, किंवा जन्मायचाच होता. पण क्रेझ म्हणजे क्रेझ, बॉस! ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, शंभरेक किलो वजन आणि कान पिळला की गाडी तुमच्या आधी पुढे.

सध्या या गाड्या पुन्हा उभ्या करायचं वेड जोरात आहे. टाकी, सीट, क्रोम हे सगळं सोपं हो, पैसे टाकले की मिळतं. घोडं अडतं ते इंजिनापाशी. नवे ओरिजिनल पार्ट सहज मिळत नाहीत, नकली हवे तितके मिळतात. मग लोक जुन्या ओरिजिनलच्या मागे लागतात. पण जुना पार्ट पुन्हा बसवण्यालायक आहे की नाही, हे ओळखायचं कसं? यावर कुणी फार बोलत नाही. सगळे पॉलिशवर बोलतात.

माझा मामेभाऊ धाराशिवला असतो. दोन वर्षांपूर्वी मामा गेले आणि त्यांची १९९४ ची आरएक्स अंगणातल्या पत्र्याखाली तशीच राहिली. मामीचं म्हणणं, विकून टाका. भाऊ म्हणाला, चालू करतो आणि तुला मागे बसवून तुळजापूरला नेतो. मग त्याने कुठूनसं नऊ हजाराला पोतंभर सामान आणलं. ब्लॉक, पिस्टन, क्रँक, क्रँककेस, गिअर, सगळं लखलखीत. सोबत इंटरनेटवर अभ्यासही चालू होता. आता सर्चमध्ये नुसतं ‘आरएक्स इंजिन’ टाकलं की निम्मे व्हिडिओ येतात माझदाच्या आरएक्स ७ मोटारीचे, आणि ते इंजिन म्हणजे रोटरी! पठ्ठ्याने तेही पाहून टाकले.

पण वेळ फुकट नाही गेला त्याचा. रोटरीत पिस्टन वरखाली होत नाही. मधे किंचित आवळलेल्या लंबगोल घरात तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे सील, घराच्या भिंतीला घासत जातात. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या नावाने हे इंजिन ओळखलं जातं. १९६७ साली आलेल्या एनएसयू आरओ ८० या जर्मन गाडीचं नाव या टोकाच्या सीलांनीच खराब केलं. माझदा मात्र चिवट. १९९१ मध्ये त्यांनी रोटरीवरच ल मांची २४ तासांची शर्यत मारली. आणि हे काही फक्त परदेशी प्रकरण नाही. धाराशिवच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा ‘निशांत’ या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाच्या ५५ हॉर्सपॉवरच्या वांकेल इंजिनात वाटा आहे. मार्च २००९ मध्ये कोलारजवळ ते इंजिन घेऊन निशांत उडालंही.

तर जुनी रोटरी उघडली की जाणकार आधी घराची भिंत बघतात. तिच्यावर क्रोमचा पातळ थर असतो. स्पार्क प्लगच्या आसपास किंवा कडांना तो पापुद्र्यासारखा सुटला असेल, तर बोअर मारून मोठं करायची सोयच नाही. नवा थर चढवणारे विरळा, नाहीतर घर बदला. आपली आरएक्स १०० त्या मानाने दयाळू. तिच्या सिलिंडरची आतली भिंत ओतीव लोखंडाची. झिजली की थोडी खरवडायची आणि थोडा मोठा पिस्टन टाकायचा. दयेलाही मर्यादा आहे, इतकंच. मूळ माप ५० मिलिमीटर. पाव-पाव मिलिमीटरने चार पायऱ्या, ५१ ला खेळ खलास.

हे मला कळलं ते गावातल्या मिस्त्रींच्या गॅरेजात. पोतं त्यांच्यासमोर रिकामं झालं. त्यांनी पहिल्यांदा पिस्टन उचलला, चिंधीने डोकं पुसलं आणि भावाला दाखवलं. वर १०० कोरलेलं. भाऊ खूश, “बघा, ओरिजिनल आरएक्स शंभर!” मिस्त्री हसले नाहीत. “ते गाडीचं नाव न्हाई दादा. शंभर म्हंजे एक एमएम मोठा. शेवटची पायरी.” मग पोत्यातला आरशासारखा ब्लॉक घेतला, बोअर गेज वर, मधे, खाली, असं दोन्ही दिशांनी फिरवलं. ५१ च्या वर, तोही लांबट गोल झालेला. “चमकलालंय म्हणून भुलू नका, ताई. कुणी घासलंय, कशाला घासलंय, ते इचारा.”

मामाचा ब्लॉक दिसायला भयंकर. गंज, काळपट डाग आणि उभे ओरखडे, नख अडकावं इतके. पण गेज म्हणालं, पन्नास आणि पाव. म्हणजे मामांनी तीस वर्षांत एकदाच बोअर मारलेला. अजून तीन पायऱ्या शिल्लक! कुरूप ब्लॉक जगला, देखणा गेला.

क्रँकची परीक्षा आणखी साधी. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवायचा. बाजूला थोडा हलला तर चालतो, ठरलेल्या मापात. वर-खाली मात्र काही जाणवलं, तर खालचं बेअरिंग संपलं. पोत्यातल्या क्रँकच्या रॉडला खालच्या टोकाशी निळसर झाक होती. भावाला वाटलं, मस्त रंग. ती झाक म्हणजे तो कधीतरी तेलाविना तापून भाजलेला. हे दिसायला छोटं, पण पिस्टन किंवा बेअरिंग चालत्या गाडीत आवळलं तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. तुळजापूरच्या घाटात, मागे मामी बसलेली असताना. मी काही बोलले नाही. भावानेच तो क्रँक बाजूला सरकवला.

खरी झोंबाझोंबी झाली क्रँककेसवरून. पोत्यातलं देखणं, मामाचं एका कोपऱ्यात टवका उडालेलं. भावाचा जीव देखण्यावर. मिस्त्रींनी ते उलटं केलं आणि इंजिन नंबरच्या जागेवर बोट ठेवलं. जागा गुळगुळीत. ग्राइंडर मारलेला. विषय संपला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, तेव्हा आरटीओत इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडतात. आणि नंबर का घासला असेल, याचा अंदाज कुणालाही येतो. ती चोरीची गाडी असेल, तर कुणाची तरी दुसऱ्या मामाची. शिवाय क्रँककेसचे दोन अर्धे कारखान्यात एकत्रच मशीन होतात. एक इकडचा, एक तिकडचा अशी मोट बांधायची नाही. मामाच्या केसमधली बेअरिंगची बैठक घट्ट निघाली. टवका जिथे उडाला होता तिथून ना तेल जातं ना हवा. नंबर ठसठशीत. एवढं पुरे.

ऑइल सील, गॅसकेट, सर्क्लिप, पिस्टन रिंग हे जुनं घ्यायचंच नाही, फुकट मिळालं तरी.

गिअरच्या बाबतीत पोतं थोडं पावलं. गिअरच्या अंगाला जे ठोकळे असतात, गॅरेजात त्यांना डॉग म्हणतात, ते गोलाकार झाले की गाडी जोरात असताना गिअर निसटतो. मामाचा दुसरा गिअर तसाच झालेला. पोत्यातल्या जोडीचे कोपरे धारदार, दातांना खड्डे नाहीत. ठेवली.

गुरुवारी ब्लॉक सोलापूरला गेला, नव्या ५० पॉइंट ५० च्या पिस्टनसकट. पिस्टन सोबत द्यायचाच, कारण बोअर छापील आकड्याला नाही, हातातल्या पिस्टनला मारतात. मामाचा क्रँकही गेला, दाबून उघडून नवा रॉड आणि पिन बसवायला. नऊ हजाराच्या पोत्यातून कामाला आली ती गिअरची एक जोडी. बाकीचं मामीने भंगारवाल्याला वजनावर घातलं. नंबर घासलेलं केस तेवढं मिस्त्रींनी देऊ दिलं नाही, भावाला म्हणाले, ज्याच्याकडून आणलं त्याला नेऊन द्या आणि नंबर कुठं गेला ते इचारा. भाऊ रविवारी जाणार आहे.