दलालावरचा राग आणि देवावरचा प्रश्न

लोकप्रिय चित्रपट आणि कादंबऱ्या परंपरागत धर्मश्रद्धांना प्रश्न विचारतात, हे विधान साहित्याच्या वर्गांत आता इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही. परिसंवादातला निबंध उघडावा, तर 'ओह माय गॉड' (२०१२) आणि 'पीके' (२०१४) ही नावे ठरलेली, आणि त्यांच्यामागे 'धाडसी', 'परखड', 'विद्रोही' ही विशेषणेही ठरलेली. दुसऱ्या बाजूला धर्मभावना दुखावल्याची ओरड करणारे याच चित्रपटांवर तुटून पडतात, आणि त्या ओरडीमुळे अभ्यासकांची या धाडसाविषयीची खात्री अधिकच पक्की होते. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही पक्ष एकाच भ्रमात वावरत आहेत. या चित्रपटांनी श्रद्धेला प्रश्न विचारलेलाच नाही. त्यांनी श्रद्धेच्या दलालाला दटावले आहे. दलालाला दटावणे आणि देवाला जाब विचारणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत.

'ओह माय गॉड'चे उदाहरण घेऊ. 'कांजी विरुद्ध कांजी' या गुजराती नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाची मूळ कल्पना खरोखर तल्लख आहे. भूकंपात दुकान कोसळते, विमा कंपनी 'देवाची करणी' म्हणून भरपाई नाकारते, आणि नास्तिक कांजीभाई थेट देवावर खटला भरतो. देवाने केलेले नुकसान देवाच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्यांनी भरून द्यावे, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. एका विमापत्रातल्या शब्दप्रयोगातून अख्ख्या ईश्वरशास्त्राला न्यायालयात उभे करण्याची ही संधी होती. पण पुढे काय होते? साक्षात श्रीकृष्ण मोटरसायकलवरून येतो आणि नास्तिकाला मदत करू लागतो! ज्याच्या अस्तित्वाविषयी वाद चालला आहे, तोच वादीच्या घरी मुक्कामाला आला, की वाद संपला. पुढच्या न्यायालयीन प्रसंगांत बाबा-महाराजांची कितीही फजिती होवो, मूळ खटल्याचा निकाल देवाच्या बाजूने लागून गेलेला असतो. आरोपीच पटकथेत न्यायाधीश होऊन बसला आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाच्या ध्यानात येऊ नये हे समजण्यासारखे आहे. समीक्षकाच्या ध्यानात येऊ नये हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

'पीके'ची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची. परीक्षाकेंद्राच्या आवारात एका दगडाला लाल रंग फासून त्यापुढे नाणी ठेवली, की घाबरलेले विद्यार्थी आपोआप हात जोडतात, हे दाखवणारा प्रसंग आम्हांला मनापासून आवडतो. भीतीतून देव कसा जन्मतो याचे इतके सुटसुटीत प्रात्यक्षिक व्याख्यानातून देता येणार नाही. परंतु हाच चित्रपट शेवटाकडे येताना देवाची दोन खाती उघडतो: एक देव ज्याने आपल्याला घडवले तो, आणि दुसरा आपण घडवला तो. दुसऱ्या खात्यावर सगळी टीका जमा होते. पहिल्या खात्याला हात लागत नाही. तपस्वी महाराजांचे भाकीत खोटे ठरते, 'राँग नंबर' उघडा पडतो. पण नंबर चुकीचा होता असे म्हणताना योग्य नंबर कुठेतरी आहेच, हे गृहीत धरले जाते. म्हणजे रंग फासलेल्या दगडाने उभा केलेला प्रश्न चित्रपटाने स्वतःच पुसून टाकला.

येथे एक ऐतिहासिक बाब नजरेआड करून चालणार नाही. 'मध्यस्थ नको, देव हवा' ही भूमिका परंपरेवरचा हल्ला नव्हे. ती परंपराच आहे. आमच्याकडे वारकरी संतांनी ती शतकानुशतके मांडली आणि तिची किंमतही मोजली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेव्हा भोंदू महाराजाला उघडे पाडून निर्मळ भक्तीची ग्वाही देणारा आजचा चित्रपट नवे काही बोलत नाही. संतांची भूमिका तो संतांची जोखीम वगळून पुन्हा सांगतो, आणि आम्ही त्याला विद्रोहाचे प्रशस्तिपत्र देतो.

लोकप्रिय रूपांतरात प्रश्नाचे उत्तर कसे होते, याचा नमुना पाहायचा तर आर. के. नारायण यांची 'द गाइड' (१९५८) ही कादंबरी आणि विजय आनंद यांचा 'गाइड' (१९६५) शेजारी ठेवावेत. तुरुंगातून सुटलेला राजू गावकऱ्यांच्या समजुतीतून साधू बनतो, आणि एका भोळसट माणसाने निरोपाचा घोटाळा केल्यामुळे पावसासाठी उपोषणाला बसतो. कादंबरीच्या शेवटी खंगलेला राजू नदीत उभा असतो. दूर डोंगरात पाऊस पडत असल्याचे त्याला जाणवते, पण तो खरोखर पडतो की नाही, हे लेखक सांगत नाही. चित्रपटात धो धो पाऊस कोसळतो. वाचकाच्या मनात जी शंका आयुष्यभर घर करून राहिली असती, तिला पडद्यावरच्या त्या सरींनी धुऊन काढले. एका सरीचा फरक आहे. पण श्रद्धेचे चित्रण आणि श्रद्धेची शाबासकी यांतले सगळे अंतर त्या एका सरीत मावते.

यावर आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. लोकप्रिय कलेला कोट्यवधींना बरोबर घेऊन जायचे असते. एका दमात देव नाकारला तर प्रेक्षक उठून जाईल. त्यापेक्षा थोडी शंका पेरलेली काय वाईट? शिवाय ज्या देशात १९७५ साली 'जय संतोषी माँ' पाहताना लोक चित्रपटगृहात पायातल्या वहाणा काढून बसले, तिथे भोंदूंवरचे विनोदही मोलाचेच. हा युक्तिवाद आम्हांला निम्मा मान्य आहे. भोंदूंवर हसणारा समाज त्यांच्या पाया पडणाऱ्या समाजापेक्षा बरा, यात शंका नाही. पण लोकप्रियतेला याहून अधिक झेपतच नाही, हे मात्र साफ खोटे आहे.

प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) हा तर भक्तिपट. तरीही त्यातली जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात घुसते आणि विठोबावर वहाण उगारते. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याच्या घरात पोरांच्या तोंडी घास कोण घालणार, हा तिचा प्रश्न आहे. तुकोबा वैकुंठाला जातात, ती मुलाबाळांसह इथेच राहते. चमत्कार दाखवूनही चित्रपटाने तिचा प्रश्न खोडलेला नाही, आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'मध्ये (२०११) केशाला दत्ताचे दर्शन झाले की तो निव्वळ भास होता, याचा निवाडा चित्रपट करत नाही. त्याला रस आहे तो पुढच्या व्यवहारात: गावात व्हायचे रुग्णालय मागे पडते, देऊळ उभे राहते, दुकाने लागतात. केशा ती मूर्ती पळवून नदीत विसर्जित करतो, तर गाव दुसरी आणून बसवते! इथे कुणी एक खलनायक महाराज नाही, म्हणून त्याला हरवून सुटका करून घेण्याची सोयही नाही. दोषी कोण, असे विचारले तर बोट प्रेक्षकाकडेच वळते.

सत्यजित राय यांचा 'देवी' (१९६०) याहून खोल जातो. सासऱ्याला स्वप्न पडते आणि कोवळी सून दयामयी देवी ठरवली जाते. दारात आणलेले एक आजारी मूल बरेही होते. नवरा तिला पळवून न्यायला येतो तेव्हा नदीकाठी ती थबकते: आपण खरोखरच देवी असलो तर? श्रद्धा बाहेरून लादली जाते इतकेच न सांगता ती आत कशी रुजते, हे राय दाखवतात. आणि पुढे घरातले लाडके मूल वैद्याऐवजी तिच्या मांडीवर ठेवले जाऊन दगावते, तेव्हा दोष द्यायला एकही भोंदू उरत नाही. सासरा ढोंगी नाही, प्रामाणिक आहे. प्रामाणिक श्रद्धेनेच मूल मारले. 'पीके'ला जे बोलवले नाही ते हे वाक्य.

आमच्या भाषेपुरते बोलायचे तर हा प्रश्न विचारण्याची रीत आम्हांला बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' (१८५५) हे नाटक पाहा. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्या घरचे धान्य-तूप कसे ओरपतो, याचा हिशेब त्यात मांडला आहे, आणि विदूषक त्यावर भाष्य करत राहतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. नाटकाच्या अखेरीस ते जोडपे अधिक शुद्ध देवाकडे वळत नाही. ते रात्रीच्या शाळेकडे वळते. दलाल गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत काय ठेवायचे, या प्रश्नाचे फुल्यांनी दिलेले उत्तर दीडशेहून अधिक वर्षांनी आलेल्या चित्रपटांपेक्षा कितीतरी पुढचे आहे.

या भेदाचा आग्रह आम्ही का धरतो? कारण महाराष्ट्रात प्रश्न विचारण्याची खरी किंमत काय असते, ते आम्ही पाहिले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायद्याचा वर्षानुवर्षे रखडलेला वटहुकूम त्यानंतरच निघाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे गेले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी. ज्या प्रश्नासाठी माणसे मारली जातात आणि ज्या प्रश्नावर प्रेक्षक सुखाने हसून घरी जातो, ते दोन्ही एकच आहेत असे वर्गात शिकवणे ही केवळ समीक्षेतील ढिलाई नाही. शंका ही स्वस्त आणि सुरक्षित चीज आहे, असे आपण त्यातून विद्यार्थ्यांना शिकवतो. मग ज्याची शंका स्वस्त नसते, असा माणूस त्यांना आततायी वाटू लागतो.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच: कलाकृतीत भोंदू बाबा किती आपटला याचे माप घेऊ नका. प्रश्न कोण विचारते, उत्तर कोण देते, आणि उत्तर देणारा कथानकाच्या सोयीसाठी आभाळातून उतरला आहे काय, ते पाहा. शेवटी पाऊस पडला असेल, तर तो कुणी पाडला ते विचारा. आणि शिक्षकांना इतकेच: पुढच्या परिसंवादात 'धाडसी' हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या धाडसात नेमके काय पणाला लागले होते, ते एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य जमले नाही, तर विशेषण खोडावे.