अर्थशास्त्राचे एक वर्षाचे एमए : वर्ष वाचले कुठे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एमए एका वर्षात करता येते. तीन वर्षांच्या पदवीधराला पूर्वीप्रमाणेच दोन वर्षे लागतात. बेरीज दोन्हीकडे पाचच. म्हणजे एमएचे एक वर्ष पदवीकडे सरकले, इतकेच.

अर्थशास्त्रात हे सरकणे साधे नाही. संख्याशास्त्र, गणित आणि अर्थमिती यांचा कच्चा राहिलेला पाया एमएच्या पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या विभागात भरून काढता येई. आता ते काम महाविद्यालयातील चौथ्या वर्षाने करायचे आहे. जेथे या विषयाला जेमतेम दोन-तीन प्राध्यापक आहेत आणि त्यातही तासिका तत्त्वावरचे, तेथे अर्थमिती शिकवणार कोण? प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पालकांनी शुल्काआधी हा प्रश्न विचारायला हवा.